पानाला हात लावू नये

आमच्या मोठ्या जाऊबाईंना कुणी पान दाखवू नये. दाखवलंच, तर पुढचा अर्धा तास मोकळा ठेवावा. ते पान आधी त्यांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत चोळलं जाणार, मग नाकाशी जाणार, मग गालावरून फिरणार आणि शेवटी दाताखाली धरलं जाणार. त्यानंतर निकाल. निकालावर अपील नाही.

त्यांचं नाव चंद्रकांता. मी त्यांना वहिनी म्हणते. निर्मळला आमची दोन घरं एकाच अंगणात आहेत. मध्ये तुळस आणि कपडे वाळत घालायची एक सामाईक दोरी. त्या दोरीवरून आम्ही दोघी इतक्या भांडलोय की एखादीने मधल्या मध्ये भिंतच घातली असती. त्यांचे यजमान पांडुरंग भावोजी केळीची वाडी बघतात आणि घरात फारसे बोलत नाहीत, कारण घरातलं सगळं बोलणं वहिनी एकट्याच उरकतात. मुलगा कुशल गोखिवऱ्याला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आणि मी हेमांगी, धाकटी जाऊ. आगाशीला शिवणाचे क्लास घेते. माझा जन्म कापडात गेला, त्यांचा पानांत, आणि दोघींनाही आपापल्या मालाचा माज आहे.

लग्नाच्या पंगतीत वहिनींच्या शेजारी बसायला मला मुळीच आवडत नाही. सगळे वरणभाताची वाट बघत असतात, तेव्हा या बाई समोरचं केळीचं पान उलटं करून त्याची शीर चाचपत असतात. राजेळीचं पान असेल तर मान डोलावणार, दुसऱ्या कुठल्या केळीचं असेल तर यजमानांची कीव करणार. वाढपी भाजी घेऊन उभा, पान अजून उलटंच. मागे नंदाखालच्या हॉलमध्ये एका लग्नात केळीच्या पानाच्या आकाराच्या, हिरव्या छापलेल्या कागदी पत्रावळी मांडल्या होत्या. वहिनी ऐटीत बसल्या, पाण्याचे थेंब शिंपडले, पानावरून अंगठा फिरवला आणि तशाच उठल्या. "मी पुठ्ठ्यावर जेवत नाय," असं नवऱ्या मुलाच्या आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या. मी मात्र जेवले. बासुंदी फार छान होती.

आता मुख्य गोष्ट सांगते, ती पत्रीची. गणपतीला एकवीस प्रकारची पानं वाहायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण माका कुठला, डोरली कशी असते, आघाडा कुठे उगवतो, हे हल्ली कुणाला ठाऊक? बाजारात जुडी मिळते, तिच्यात निम्मं गवत. म्हणून आमच्या आळीतली झाडून सगळी घरं पत्री वहिनींकडून नेतात. हरतालिकेच्या दिवशी त्या पहाटे बांधावर, तळ्याच्या काठी, वाड्यांच्या कुंपणाला फिरून पानं आणतात. संध्याकाळी पडवीत मध्यभागी बसतात, एकेक पान बोटाने चाचपून जुडी लावतात आणि ज्याच्या त्याच्या हातात देतात. त्या दिवशी वहिनी म्हणजे आळीच्या महाराणी. माणसं वाकून येतात आणि वाकून जातात.

मी त्या दिवशी काय करते? दोरा कापते. पडवीच्या खांबाला टेकून कात्री घेऊन बसायचं आणि जुड्या बांधायला सारख्या मापाचे तुकडे कापून द्यायचे. माझ्या आधी ही जागा आमच्या सासूबाईंची होती. त्या गेल्यावर कात्री माझ्याकडे आली, ती माझ्याकडेच राहिली. मी कितीदा तरी म्हटलं, वहिनी, एखादी जुडी मी लावते. त्यांचं उत्तर ठरलेलं. "तुझा हात कापडाचा हाय. पानं मळतील." पानं मळतील म्हणे! इतकी वर्षं हा राग मी पोटात ठेवून आहे, आणि पोटात ठेवला तरी चेहऱ्यावर दिसतो असं आमचे हे म्हणतात.

गेली दोन-तीन वर्षं वहिनींनी नवीनच नखरा काढला होता. त्या डोळे मिटून जुड्या लावायच्या. आळीतल्या बायका तोंडात बोटं घालायच्या. "हातच्या काकणाला आरसा कशाला," असं वहिनी म्हणायच्या आणि मी दोरा जरा जास्तच जोरात कापायचे.

यंदा आषाढ संपता संपता आमच्या महिला मंडळाची सहल निघाली. गोखिवऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक वनस्पती उद्यान झालंय, तिथे. वहिनींना नुसतं कळायचा अवकाश, त्यांनी चार दिवस आधीपासून सगळ्यांना बजावायला सुरुवात केली, की तिथे माहिती सांगायला जो कुणी असेल त्याला फार बोलू देऊ नका, मी सांगेन. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पुढची सीट त्यांनी पकडली. शेजारी नंदाखालची इझाबेल. ती आमच्या मंडळात नाही, पण वहिनींची शाळेपासूनची मैत्रीण. झावळ्यांच्या रविवारी चर्चला नेण्यासाठी कोवळ्या झावळ्या तिला वहिनींच्याच वाडीतून लागतात. दोघी वसईचा पूल येईपर्यंत माडावर बोलत होत्या आणि पुलावर गाडी अडकली तेव्हाही माडावरच बोलत होत्या.

उद्यानाच्या दाराशी जितेंद्र नावाचा तरुण आमची वाट बघत उभा होता. गोड बोलणारा. त्याने नमस्कार केला, पाणी विचारलं आणि पहिल्याच वाक्यात वहिनींचा निकाल लावला.

"एकच विनंती आहे, काकू. पानाला हात लावू नये."

"म्हंजे?" वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे बघायचं, फोटो काढायचे, पण हात मागे ठेवायचे. लोक फार त्रास देतात हो." त्याने दारातलंच एक जाडजूड पान दाखवलं. त्यावर कुणीतरी नखाने बदाम कोरून त्यातून बाण काढला होता आणि दोन्ही टोकांना नावं लिहिली होती.

वहिनींनी हात मागे घेतले. पण असे घेतले, जणू कुणी बांधलेच आहेत. मला हसू आलं. म्हटलं, आता बरी जिरली.

खरं सांगायचं तर मी त्या दिवसापर्यंत पान नीट बघितलंच नव्हतं. पान म्हणजे वहिनींचा प्रांत, आपण तिकडे कशाला जा, असं होतं. पण तिथे जाऊन बघते तो काय, सगळी माझीच दुकानं! एका पानावर पांढऱ्या रेघा इतक्या सारख्या अंतरावर, की माझ्या क्लासमधल्या कुणी अशा टिपा घातल्या असत्या तर मी तिला पूर्ण मार्क दिले असते. एक पान वरून साधं हिरवं आणि वाऱ्याने उलटलं की आतून जांभळं अस्तर. एका पानाच्या कडेला बारीक कातरा, अगदी साडीला पिको केल्यासारखा. नेच्याच्या पानामागे तपकिरी टिकल्या, दोन ओळींत, एकही इकडची तिकडे नाही. सागाचं पान तर हात न लावताच डोळ्यांना खरखरीत लागत होतं. एका मखमली पानाला जवळून बघितलं तेव्हा वरची लव उन्हात चमकत होती, आणि हात लावायचा नाही या नियमाचा मलासुद्धा राग आला. जितेंद्र सांगत होता की कुठल्या पानात शिरांची जाळी असते आणि कुठल्यात शिरा सरळ समांतर धावतात. मला ते उभा धागा आणि आडवा धागा सांगितल्यासारखं लगेच कळलं. साठीला आलेय मी, आणि ही नक्षी इतकी वर्षं अंगणात फुकट पडली होती याची मला चुटपुट लागली.

वहिनी मात्र गप्प.

मी वाट बघत होते, आता बोलतील, मग बोलतील. ज्या बाईने पुठ्ठ्यावरून लग्न हलवलं ती बाई एवढ्या पानांत गप्प? त्या माझ्या शेजारून चालत होत्या आणि प्रत्येक वाफ्यापाशी मला हळूच विचारत होत्या, "याच्या शिरा कशा हायेत, सांग बघू." मी सांगायचे. "आणि कड?" मी कडही सांगायचे. "रंग?" रंग. मला वाटलं, माझी परीक्षा चाललीय. मीही अशी फुशारून उत्तरं देत होते की मागून इझाबेल म्हणाली, "हेमांगी, तू तर गाइडच झालीस गो!" वहिनी त्यावर काहीच बोलल्या नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण कौतुक कानात शिरलं की शंकेला जागा उरत नाही.

तळ्यातली कमळाची पानं बघून आम्ही वळलो आणि सावलीतल्या एका लांबलचक वाफ्यापाशी आलो. वहिनी एकदम थांबल्या. बऱ्याच वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी आलं.

"बघ, म्हटलं ना? शेवटी अळूच लावायला लागलं यांना," त्या मला म्हणाल्या. "आणि काय पोसलाय! वडीला एक नंबर."

जितेंद्र पुढे बायकांचा ग्रुप फोटो काढत होता. वहिनींनी इकडे तिकडे बघितलं आणि मला कळायच्या आत एक पान देठासकट खुडलं. अळू खाजरं आहे की नाही हे आमच्या घरात नेहमी एकाच पद्धतीने बघतात. पान उलटं करायचं, मधली जाड शीर किंचित दाताखाली धरायची आणि थुंकायची. खाजरं असेल तर लगेच कळतं. वहिनींनी पान उलटं केलं आणि शीर दाताखाली धरली.

"वहिनी!" मी ओरडले. पण तोवर झालं होतं.

त्यांनी थू थू केलं. मग जीभ बाहेर काढली. मग दोन्ही हातांनी तोंडाला वारा घातला. डोळ्यांत पाणी, नाक लाल. पुढे बायका "स्माइल" म्हणत होत्या आणि इकडे आमच्या महाराणी जीभ काढून उभ्या. इझाबेल धावत आली. तिच्या पर्समध्ये आमसुलं असतात, पित्तासाठी. तिने दोन आमसुलं वहिनींच्या तोंडात कोंबली आणि त्यांना बाकावर बसवलं. जितेंद्र घाबरून पाण्याची बाटली घेऊन आला. थोड्या वेळाने खाज उतरली, पण जीभ जड ती जडच. लग्न झाल्यापासून वहिनी पहिल्यांदाच बोलू शकत नव्हत्या. मी हसून हसून बाकाचा आधार घेतला होता.

"काकू, ते अळूसारखं दिसतं, पण अळू नाही," जितेंद्र बिचारा हात जोडून सांगत होता. "शोभेचं आहे. असं कसं खाल्लंत तुम्ही? रंग नाही का बघितलात?"

मी वाफ्याकडे बघितलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं.

आकार अळूचाच होता. पण ती पानं हिरवी नव्हतीच. मधोमध लालभडक, शिरा गुलाबी, वर पांढरे शिंतोडे, रंगपंचमीच्या दिवशीचा कुर्ता जसा. आंधळ्यालाही कळेल की हे वडीचं अळू नव्हे, असं म्हणायची आपली पद्धत आहे. मी ते म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं.

मग मला ती कागदी पत्रावळ आठवली. ती कागदाची आहे हे आम्हा सगळ्यांना हॉलच्या दारातूनच कळलं होतं. वहिनींना अंगठा फिरवल्यावर कळलं. आणि ते डोळे मिटून जुड्या लावणं. आणि सकाळपासूनचं "शिरा कशा हायेत, सांग बघू." परीक्षा नव्हती ती. त्या माझ्या डोळ्यांनी बघत होत्या.

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. "वहिनी, माझ्या साडीचा रंग कोणता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आमसूल गालात ठेवून, जड जिभेने त्या म्हणाल्या, "कुशलला सांगू नको."

"किती दिवस झाले?"

"दिसतं गो. धुकं पडल्यासारखं दिसतं." आणि मग, "गणपती होऊ दे. मग बघू."

इझाबेलला सगळं माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. "मी किती सांगितलं हिला," ती म्हणाली. "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पुढच्या रविवारी मी चर्चला मिस्साला होते. ऐकत नाही."

"ऐकत का नाही?" मी चिडून विचारलं. मला खरंच राग आला होता. बांधावरच्या गवतात ही बाई पहाटे एकटी फिरते. उद्या सापावर पाय पडला तर?

वहिनींनी आमसूल एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. मग सांगितलं ते असं. सासूबाईंची नजर गेली तेव्हा पत्री सासूबाई करत होत्या. एका हरतालिकेला त्यांच्याकडून दोन जुड्या चुकल्या. तेव्हा वहिनींनीच त्यांच्या मांडीवरची पानं उचलून आपल्याकडे घेतली आणि त्यांच्या हातात कात्री दिली. "आई, तुम्ही दोरा कापा, असं बोलले मी. चांगल्या मनानेच बोलले. म्हातारीने कात्री घेतली. खांबाला टेकून बसली. त्या रात्री जेवली पन नाय. नंतर मरेपर्यंत तिने पानाला हात लावला नाय, हेमांगी. कोनी सांगितलं नव्हतं लावू नको म्हणून, तरी नाय लावला. त्या खांबाला मना नाय बसायचं."

मी त्याच खांबाला इतकी वर्षं बसतेय, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. किंवा आलं असावं आणि जिभेच्या खाजेत राहून गेलं असावं.

परत येताना मी गाडीत त्यांच्या शेजारी बसले. घरी आल्यावर त्या पडवीची पायरी चढल्या, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की प्रत्येक पायरीच्या कडेला पांढऱ्या चुन्याचा जाड पट्टा आहे. भावोजींनी दोन वर्षांपूर्वी ओढला होता. मुंग्यांसाठी, असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं, आणि मुंग्या चुन्याला खरंच घाबरतात का यावर मी त्यांच्याशी वादही घातला होता. विहिरीच्या काठालाही तसाच पट्टा होता. मुंग्या विहिरीत काय करणार, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोरीवरचे कपडे काढता काढता वहिनींना म्हटलं, "यंदा मी दोरा कापणार नाही."

"का?"

"नाही कापणार. तुम्ही डोळा दाखवत नाही तोवर कात्रीला हात लावणार नाही. आळीत दुसरी कुणी बघा."

"दोरा काय, कोन पन कापील," वहिनी म्हणाल्या आणि तरातरा आत गेल्या. संध्याकाळी परत बाहेर आल्या. "दुसऱ्या कोनाचा दोरा सारखा नाय येत," त्या म्हणाल्या. मी तेव्हा मनातल्या मनात लाडू खात होते. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या दोऱ्याबद्दल काढलेला तो पहिला चांगला शब्द होता.

कुशलला त्यांनी स्वतःच सांगितलं. त्याने दोन दिवसांत डॉक्टर गाठला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला. उजव्याचं ऑपरेशन लगेच झालं. पट्टी काढल्यावर वहिनींनी पहिली गोष्ट काय केली असेल? माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "ही साडी जांभळी हाय होय? मना वाटायचं तू कायम तपकिरी नेसते. मी ह्यांना बोलायचे, हेमांगीला रंगाची काय अक्कल नाय." देव माणसाला दृष्टी देतो, जीभ मात्र जुनीच ठेवतो.

पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पुढचे कित्येक दिवस काळा चष्मा, धूळ नको, चिखल नको, वाकायचं नाही. म्हणजे बांध नाही, तळं नाही. म्हणजे पत्री नाही.

"मग पत्री कोन करील?" वहिनींनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. फक्त "बरं". मला त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं.

हरतालिकेच्या पहाटे मी बांधावर गेले. पायात चिखल, कानात डास. पण मला आता नक्षी कळत होती ना! आघाडा ओळखला, डोरली काट्यांसकट ओळखली, धोत्रा, रुई, कण्हेर, सगळं बघून बघून घेतलं. माका मिळत नव्हता, तोही शेवटी तळ्याच्या काठी दिसला. समोरासमोर पानं, मध्ये इवलंसं पांढरं फूल. मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली आणि टोपली भरून घरी आले. ज्याची इतकी वर्षं वाट बघितली तो दिवस आला होता, आणि मी तो पुरेपूर भोगायचं ठरवलं होतं.

संध्याकाळी पडवीत मध्यभागी मी बसले. वहिनी आल्या, काळा चष्मा घालून. कुणी काही सांगायच्या आत त्या खांबाजवळ गेल्या, टेकून बसल्या आणि कात्री उचलली. भावोजी अंगणात सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ता थांबला. मी मान खाली घालून जुड्या लावू लागले. वहिनी दोरा कापू लागल्या. एक तुकडा वीतभर, दुसरा हातभर. माझ्या क्लासला पहिल्या दिवशी कुणी असं कापलं तर मी तिला घरी पाठवते. पण मी तेच तुकडे उचलून जुड्यांना बांधत राहिले. इतकी वर्षं मी मनात म्हणत आले होते, या बाईने पत्रीच्या दिवशी तरी गप्प बसावं. त्या गप्प बसल्या आणि ती पडवी मला खायला उठली.

पहिल्या आल्या समोरच्या पुतळाबाई. त्यांनी माझ्या हातातून जुडी घेतली. "छान बांधलीस हो," म्हणाल्या. मी खूश. मग त्या वळल्या, सरळ खांबाजवळ गेल्या आणि ती जुडी वहिनींच्या मांडीवर ठेवली.

"बघा ओ, बरोबर हाय ना?"

वहिनींनी माझ्या दिशेने तोंड केलं. मी दोऱ्याची गाठ सोडवायचं नाटक केलं. मग त्यांची बोटं जुडीत शिरली. खाली बघितलंही नाही त्यांनी. चष्मा समोर तुळशीकडे आणि बोटं पानांतून एकेक करत पुढे चाललेली. बेल. शमी. डाळिंब. जाई. रुईपाशी जरा थांबली, पुढे गेली. आणि मग एका पानावर अडकली. त्यांनी ते चोळलं, परत चोळलं, बोटाला वास घेतला.

"कोन बांधली ही जुडी?" असं त्यांनी आळीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात विचारलं. जसं काही तिथे दहा जणी बांधत बसल्या होत्या.

"मी," मी म्हटलं.

"हा माका नाय."

"माकाच आहे. पांढरं फूल बघून आणलाय."

"फूल पांढरं कोनाचं पन असतं. माका खरखरीत लागतो. हे गुळगुळीत हाय, कुठलं तरी तण. आणि माका चोळला की बोट काळं होतं. बघ माझं बोट." त्यांनी अंगठा वर धरला. पांढरा स्वच्छ होता.

तोवर आणखी दोघी आल्या. त्यांनीही जुड्या माझ्याकडून घेतल्या आणि थेट वहिनींच्या मांडीवर ठेवल्या. कुणी तसं ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला खूण केली नव्हती. माझ्यासमोर कुणीच थांबेना, खांबाजवळ रांग लागली. मला इतका राग आला की कान तापले. सगळ्या जुड्यांत तेच तण, आणि वहिनी ते एकेक काढून अंगणात भिरकावत होत्या, प्रत्येक वेळी "हे बघा, शिवणवालीचा माका" असं म्हणत. आणि त्या रागातही माझं सगळं लक्ष तिकडेच होतं, कारण वहिनी बोलत होत्या, नेहमीसारख्या, तोंडाला लगाम नसल्यासारख्या. मला फार बरं वाटलं. हे मी त्यांना कधी सांगणार नाही.

"जा, माका आन," त्या मला म्हणाल्या. "तळ्याच्या पलीकडे, पाटाचं पानी येतं तटे. आणि बघत बसू नको. बोट फिरव."

मी टॉर्च घेऊन गेले. बोट फिरवत फिरवत आणला. परत आले तेव्हा खांब रिकामा होता. वहिनी मध्यभागी बसल्या होत्या, पानांची टोपली मांडीशी ओढलेली, आणि कात्री खांबाच्या पायाशी पडली होती. अंगणात भावोजींचा अडकित्ता पुन्हा चालू झाला होता.

"बस," वहिनी म्हणाल्या. "दोरा काप. ही कात्री माझ्या हातात बसत नाय."

मी खांबाला टेकून बसले. कात्री उचलणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या टोपलीतून माक्याचं एक पान घेतलं, माझा हात ओढला आणि तळव्यावर ठेवलं.

"आधी हात लाव," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी चुकलीस तर बघ."

मी अंगठ्याने ते पान चोळलं. खरखरीत होतं, आणि अंगठा काळा झाला.